प्राध्यापकाची जागा हा आपलाही प्रश्न आहे

आपल्या समाजात तालीमवर बोलणारे गेल्या काही वर्षांत खूप वाढले आहेत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. जुम्याच्या बयानात तालीम असते, शादीखान्यातल्या सत्कारात तालीम असते, दहावी-बारावीच्या निकालानंतर तर प्रत्येक मोहल्ल्यात ट्रॉफी आणि शाल वाटल्या जातात. फी भरायला मदत करणारे पुढे येतात. पण या सगळ्यात एक माणूस गायब असतो, तो म्हणजे शिकवणारा. तो कोण आहे, त्याला पगार किती, पुढच्या वर्षी तो वर्गात असेल का, हे आपण विचारत नाही. त्याच्या जागेसाठी मोर्चा निघाला तर आपण म्हणतो, हा प्राध्यापकांचा पगाराचा प्रश्न आहे, आपल्याला काय त्याचे?

मला या ‘आपल्याला काय त्याचे’वर बोलायचे आहे. खान्देशातल्या कॉलेजांतली आणि विद्यापीठातली प्राध्यापकाची कायम जागा वाचवणे हा मुस्लिम तरुणांच्या नागरी लढ्याचा मुद्दा झाला पाहिजे. उपकार म्हणून नव्हे. त्या जागेवाचून आपल्या पुढच्या पिढीची वाट बंद होते, म्हणून.

आधी परिस्थिती बघू. अनुदानित कॉलेजात प्राध्यापक निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, पण वर्ग रिकामा राहत नाही. मुले येतातच. मग त्या जागेचा कार्यभार तुकडे करून तासिका तत्त्वावर दिला जातो. यालाच आपण सीएचबी म्हणतो. २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीच्या एका तासाचे मानधन ६२५ वरून ९०० रुपये झाले. आठवड्याला नऊ तासिका धरल्या तर महिन्याचे ३२,४०० होतात, तेही सगळे तास भरले तर. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचा काळ, उन्हाळा, यांचा पैसा नाही. बाळंतपणाची पगारी रजा नाही. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा वाट बघणे. रावेरच्या शिवारात केळीचे घड कापणारा मजूर दिवसाच्या बोलीवर कामाला येतो. नेट-सेट आणि पीएचडी झालेला आपला माणूस तासाच्या बोलीवर येतो.

हे पैशाच्या टंचाईमुळे आहे असे सांगितले जाते. पण विद्यापीठ अनुदान आयोगानेच जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० द्यावेत असे ठरवले होते. सरकार मानधन देते याचाच अर्थ काम आहे हे सरकारला मान्य आहे. काम कायमचे आणि माणूस तात्पुरता, ही टंचाई नाही, हा सरळ हिशोब आहे.

यात आपले नुकसान कुठे होते, ते नीट समजून घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे मार्गदर्शक फक्त कायमस्वरूपी प्राध्यापकच होऊ शकतो. पात्र सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठ संशोधक घेता येतात. म्हणजे सहायक प्राध्यापकाची एक जागा भरली नाही, तर फक्त एका माणसाची नोकरी जात नाही, पीएचडीच्या चार जागांची शक्यताही जाते. रावेर, यावल, चोपड्याची तडवी मुलगी किंवा भुसावळच्या रेल्वे कामगाराचा मुलगा एम.ए., एम.एस्सी. करतो, नेट पास होतो, आणि मग त्याला कळते की त्याच्या विषयात जिल्ह्यात मार्गदर्शकच उरलेला नाही. पुण्या-मुंबईला खोली घेऊन राहण्याची ऐपत असलेला जातो. बाकीचे मोबाइलच्या दुकानात बसतात.

दुसरी गोष्ट नेतृत्वाची. आपले विद्यापीठ, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, १९९० मध्ये जळगाव, धुळे आणि आजच्या नंदुरबारसाठी सुरू झाले. २०२१ मध्ये कुलगुरू प्रा. पी. पी. पाटील यांनी मुदतीआधी राजीनामा दिला. कारभार नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू ई. वायुनंदन यांच्याकडे प्रभारी म्हणून गेला. पूर्णवेळ कुलगुरू, प्रा. व्ही. एल. माहेश्वरी, मार्च २०२२ मध्ये आले. म्हणजे तीन जिल्ह्यांचे विद्यापीठ सुमारे वर्षभर दुसरे विद्यापीठ सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती होते. दोष कोणा व्यक्तीचा नाही. प्रभारी माणूस रोजचे कागद पुढे सरकवू शकतो, पण भरती, नवे विभाग, सरकारशी निधीसाठी भांडणे ही कामे पूर्ण मुदतीचा माणूसच अंगावर घेतो. आता पाच वर्षांची मुदत मोजली तर मार्च २०२७ येतो. कायदा सांगतो की कुलगुरू निवडीची प्रक्रिया किमान सहा महिने आधी सुरू व्हावी. म्हणजे सप्टेंबर २०२६. ही तारीख आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आहे?

नेतृत्व बदलते आणि निधी आटतो, तेव्हा पहिला वार कोणावर होतो, याचे उदाहरण महाराष्ट्राने बघितले आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासूनची, देशभर नाव असलेली. तिच्या संचालकाची नेमणूक केंद्र सरकारच्या हाती गेली, आणि टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानावर चालणाऱ्या पदांचे पुढे काय, हे अधांतरी राहिले. २८ जून २०२४ रोजी ५५ शिक्षक आणि सुमारे ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना पत्र मिळाले: ३० जूनला तुमची सेवा संपते. दोन दिवसांची मुदत. यातले कित्येक जण दहा-दहा वर्षे शिकवत होते. ५५ मधले सहा शिक्षक तुळजापूरच्या कॅम्पसचे होते, म्हणजे दुष्काळी धाराशिव जिल्ह्यात राहून ग्रामीण विकास शिकवणारे. देशभर आवाज उठला, ट्रस्टने निधी द्यायचे मान्य केले आणि पत्रे मागे घेतली गेली. आवाज उठला म्हणून. खान्देशातल्या एखाद्या कॉलेजात जूनमध्ये दहा सीएचबीवाल्यांना ‘यंदा गरज नाही’ म्हणून सांगतात, तेव्हा त्यांना पत्रसुद्धा मिळत नाही आणि बातमीही होत नाही.

तिसरी गोष्ट खास आपल्या वाट्याची. २०११ च्या जनगणनेत देशात मुस्लिम १४.२ टक्के. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत विद्यार्थ्यांमध्ये ४.६ टक्के आणि शिक्षकांमध्ये ५.६ टक्के. ही दरी भरायला मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. २००९ पासून अल्पसंख्याक समाजातले संशोधक तिच्यावर पीएचडी करत होते. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की ती बंद केली, कारण ती इतर योजनांशी जुळते. त्याच महिन्यात परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजनाही बंद झाली. आधीपासून फेलोशिप घेणाऱ्यांचे विद्यावेतनही २०२५ मध्ये महिनोन्महिने अडकले. मौलाना आझादांनी २८ डिसेंबर १९५३ रोजी यूजीसीचे उद्घाटन केले होते. त्यांच्या नावाची फेलोशिप बंद झाली आणि आपण दोन दिवस स्टेटस ठेवून गप्प बसलो. आज फेलोशिप बंद, म्हणजे दहा वर्षांनी मुस्लिम प्राध्यापक कमी. एवढे साधे गणित आहे.

‘मग बाहेर जाऊ’ म्हणणारे आपल्यात बरेच आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे वाक्य रोज ऐकतो. पण बाहेरचे दार बघा. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. १९ सप्टेंबर २०२५ ला बाहेरून येणाऱ्या नव्या कर्मचाऱ्याच्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लागले, म्हणजे ८५ लाख रुपयांहून जास्त. हे शुल्क फक्त आयटी कंपन्यांना नाही, विद्यापीठांनाही आहे. परदेशी संशोधकासाठी एवढी रक्कम किती विभाग भरतील? तिथल्या काही विद्यापीठांनी परदेशी शिक्षक-विद्यार्थ्यांना सल्ला दिला की गरज नसेल तर देशाबाहेर जाऊ नका, परत येताना अडाल. म्हणजे तिकडे पोहोचलेला मुलगा ईदला रावेरला यायलाही घाबरतो. ज्यांना जाता येते त्यांनी जरूर जावे. पण एका देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या सहीवर बंद होणारे दार हे एका समाजाच्या तालीमचे धोरण होऊ शकत नाही. बाहेरची वाट अरुंद होते, तेव्हा घरचे विद्यापीठ मजबूत असावे लागते. आपण ते नेमके याच वेळी मोडू देत आहोत.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला: ‘कायम प्राध्यापक शिकवतच नाहीत, भरपूर पगार घेऊन बसतात.’ काही बसतात. त्यांच्यावर कारवाई करा, विद्यार्थ्यांचा अभिप्राय घ्या, हजेरी तपासा. पण कामचुकार तलाठी सापडला म्हणून कोणी तलाठ्याचे पदच तासावर देत नाही.

दुसरा: ‘यूट्यूब आहे, एआय आहे, प्राध्यापक कशाला?’ ही साधने मी रोज वापरतो. त्यांना विचारले की उत्तर मिळते. पण पहिल्या पिढीचा विद्यार्थी अडतो तो बहुतेक वेळा आधीच्या पायरीवर. काय विचारायचे हेच त्याला माहीत नसते. कोणत्या परीक्षेचा फॉर्म भरायचा, शोधनिबंध कुठे पाठवायचा, शिफारसपत्र कोणाचे घ्यायचे, मुलीचे शिक्षण थांबवू नका म्हणून तिच्या अब्बांना कोण समजावणार? मोबाइल तिच्या घरी जाऊन अब्बांसमोर बसत नाही. आणि मार्गदर्शक म्हणून पीएचडीच्या कागदावर सही तर अजिबात करत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या आतला आहे: ‘सरकारकडे कशाला जायचे, आपल्या संस्था आहेत ना.’ आहेत, आणि त्यांचा अभिमान आहे. डॉ. रफिक झकेरियांनी औरंगाबादला मौलाना आझाद कॉलेज उभे केले. जळगावच्या मेहरूणमध्ये इकरा सोसायटीचे एच. जे. थीम कॉलेज उभे राहिले. पण समाजाची कॉलेजेही सरकारी अनुदान, यूजीसीचे नियम आणि विद्यापीठाची मान्यता यांवरच चालतात. सरकारने जागा थांबवल्या की त्यांच्याही थांबतात. शिवाय एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. जागा निघाली की किती लाख ‘द्यावे लागतील’ याची कुजबुज महाराष्ट्रभर चालते, आणि अल्पसंख्याक म्हणवणाऱ्या सगळ्या संस्था तिच्यातून सुटलेल्या नाहीत. मजहबचे नाव लावून गरीब उस्तादाकडून पैसे घेणे हे दुप्पट लाजिरवाणे आहे. सरकारला जाब विचारायचा असेल तर हाही जाब विचारावा लागेल.

आणि एक गोष्ट आपल्या चळवळीने तरी विसरू नये. सोलापूरच्या संगमेश्वर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर मुस्लिम मराठी साहित्य चळवळ उभी करण्यात पुढे होते. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात प्रा. मोईन शाकिर भारतीय मुस्लिमांच्या राजकारणावर लिहीत होते. या माणसांनी सत्तेलाही सुनावले आणि आपल्या समाजातल्या पुढाऱ्यांनाही. मते मांडण्याची हिंमत त्यांची स्वतःची होती, पण ती टिकवायला पायाखाली कायम नोकरी होती. पुढच्या जूनमध्ये मुलाखत द्यायची असलेला माणूस कोणाला सुनावणार? संस्थाचालक नाराज होईल असे एक वाक्य लिहिण्याआधी तो दहादा विचार करतो, आणि त्याचे बरोबरही असते, कारण घरी मुले आहेत. प्राध्यापकाला तासावर आणले की त्याची जीभही तासावर येते. आपल्याला उद्याचे बेन्नूर हवे असतील तर आजच्या जागा भरून घ्याव्या लागतील.

मग करायचे काय? मोठी भाषणे नकोत. पदवीधर असाल तर विद्यापीठाच्या नोंदणीकृत पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवा. अधिसभेवर या मतदारसंघातून दहा प्रतिनिधी निवडून जातात. तिथे आपले नावच नसेल तर आपला प्रश्न कोण मांडणार? आपापल्या तालुक्यातल्या अनुदानित कॉलेजात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, सीएचबीवर किती, हे माहिती अधिकारात विचारा आणि या मासिकाला पाठवा. सप्टेंबर २०२६ मध्ये कुलगुरू निवडीची प्रक्रिया सुरू झाली का, हे राज्यपाल कार्यालयाला पत्र लिहून विचारा. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली. बार्टी, सारथी जशी पीएचडीला फेलोशिप देतात, तशी मार्टीने दरवर्षी, वेळेवर आणि पुरेशा संख्येने द्यावी, अशी मागणी प्रत्येक आमदारासमोर ठेवा. मते मागायला येतील तेव्हा समाजमंदिर आणि कब्रस्तानच्या भिंतीसोबत कॉलेजातल्या रिकाम्या जागांचीही यादी हातात द्या. आणि सीएचबीवाले उपोषणाला बसले की मंडपात जाऊन बसा. ते मराठा असोत, लेवा पाटील असोत, बौद्ध असोत, तडवी असोत. त्यांच्या वर्गात आपली मुले बसतात.

पुढच्या निकालानंतर सत्कार ठेवाल, तेव्हा ट्रॉफी जरूर द्या. पण त्या स्टेजवरून एक प्रश्नही विचारा: या मुलांना शिकवणाऱ्यांपैकी पुढच्या जूनमध्ये किती जण कामावर असतील? हे उत्तर जाहीरपणे मागायला लागू, त्या दिवशी आपण तालीमबद्दल खरे बोलायला लागलो असे मी मानेन.