पाठ्यपुस्तकाला समिती, चित्रफितीला कोण?

‘बालभारती’चे विज्ञानाचे पुस्तक उघडले की सुरुवातीच्या पानांवरच विषय समितीतील सदस्यांची नावे दिसतात. चूक सापडली तर जाब कोणाला विचारायचा, हे त्यामुळे शिक्षकाला आणि पालकालाही कळते. त्याच पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी डिजिटल शिक्षणमंचावरची चित्रफीत किंवा अन्य साहित्य उघडते. सातवी-आठवीतल्या मुलाच्या लेखी छापील मजकूर आणि ही चित्रफीत यांत फरक नसतो; दोन्ही शाळेने दिलेले, म्हणून दोन्ही खरे. मग दोन्हींची तपासणीही सारख्याच कसोशीने व्हायला हवी. ‘दीक्षा’ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाली आणि करोनाकाळात शाळांना कुलपे लागली तेव्हा असंख्य मुलांचा आधार ठरली, याचे मोल मोठे आहे. पण अशा डिजिटल ग्रंथालयांचे यश किती साहित्य चढवले आणि ते किती वेळा पाहिले गेले, या आकड्यांनी सांगण्याची सवय जडली आहे. विज्ञानाच्या बाबतीत ते माप फसवे आहे.

ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून तिच्यावर काचेचा पेला पालथा घालण्याचा प्रयोग घ्या. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते आणि निवेदक सांगतो, की हवेतला पाचवा हिस्सा ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. इंटरनेटवर हे स्पष्टीकरण देणाऱ्या चित्रफिती सहज सापडतात आणि ते चूक आहे. ज्योत विझते तेव्हा पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. जो वापरला गेला त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार झालेली असते. पाणी चढते ते मुख्यतः ज्योतीने तापलेली हवा विझल्यावर थंड होऊन आकसते म्हणून. पेला तोच ठेवून एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी जास्त वर चढते, हे कोणत्याही वर्गात करून पाहता येते. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच असतो. प्रयोग खरा, चित्रण उत्तम, निष्कर्ष खोटा. हा दोष प्रतिमेची स्पष्टता आणि आवाजाची पातळी पाहणाऱ्या तांत्रिक चाळणीत कधीच अडकणार नाही.

चांगले साहित्य आपोआप वर येईल, पाहणाऱ्यांनी दिलेले गुणांकन पुरेसे आहे, असा एक युक्तिवाद असतो. सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ मध्ये पूर्ण केलेले पीएच.डी.चे संशोधन त्याला छेद देते. भौतिकशास्त्रातली संकल्पना सरळ, नेटकेपणाने समजावणारी चित्रफीत विद्यार्थ्यांना सोपी आणि स्पष्ट वाटली, पण नंतरच्या चाचणीत त्यांची समज फारशी वाढलेली दिसली नाही. ज्या चित्रफितीत आधी प्रचलित गैरसमज मांडून मग तो खोडून काढला होता, ती त्यांना जड गेली; शिकणे मात्र तिने अधिक झाले. म्हणजे पाहणाऱ्याचे समाधान आणि त्याचे शिकणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि गुणांकनात फक्त पहिली उतरते. ज्याच्या डोक्यात मुळात चुकीची कल्पना आहे, तो तिला दुजोरा देणाऱ्या चित्रफितीला भरभरून गुण देईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तज्ज्ञांची तपासणी सक्तीची केली तर सारे काम रखडेल आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत स्वतःच्या मोबाइलवर धडपडून साहित्य तयार करणारा शिक्षक हिरमुसून बाजूला होईल. ही भीती खरी आहे. म्हणूनच अमेरिकेत पृथ्वीविज्ञानाच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या ‘डीएलईएसई’ या डिजिटल ग्रंथालयाची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. तिथे दोन दालने होती. पहिल्यात प्रवेश तुलनेने सोपा होता. दुसऱ्यात जाण्यासाठी वैज्ञानिक अचूकता आणि अध्यापनातली परिणामकारकता तपासली जाई. तज्ज्ञांच्या अभिप्रायाइतकेच, ते साहित्य वर्गात प्रत्यक्ष वापरलेल्या शिक्षकांचे म्हणणेही विचारात घेतले जाई. शिक्षकाची उमेद न मारता दर्जा राखायचा तर हाच मार्ग दिसतो. मात्र क्यूआर कोडमागे, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या अधिकाराने, जे मुलापुढे जाते ते दुसऱ्या दालनातलेच असले पाहिजे. तिथे सवलत नको.

तपासणी एकदा करून भागत नाही. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली. पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या ठोकळ्याऐवजी ती प्लांकच्या स्थिरांकावर आधारली गेली. त्याआधीची निर्दोष चित्रफीत त्या दिवशी कालबाह्य झाली. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते. चित्रफितीला कोणी हात लावला नाही तर ती तशीच राहते. त्यामुळे प्रत्येक साहित्यावर परीक्षकाचे नाव, तपासणीची तारीख आणि फेरतपासणीची मुदत दिसली पाहिजे. शिक्षकाने दाखवलेली चूक किती दिवसांत दुरुस्त होणार, हेही ठरलेले असावे. याला पैसा लागतो, तोही दरवर्षी. ‘डीएलईएसई’चा निधी पुढे आटला आणि अशी व्यवस्था केवळ उत्साहावर चालत नाही हे दिसले. राज्यात मनुष्यबळाची वानवा नाही: मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान शिक्षणाच्या क्षेत्रात काम करत आहे. अशा संस्थेतील अभ्यासक आणि अनुभवी विज्ञान शिक्षक यांची कायम परीक्षण मंडळे नेमावीत, त्यांना मानधन द्यावे, शिक्षकांच्या या कामाची सेवापुस्तिकेत नोंद व्हावी. नव्या चित्रफितींसाठी तरतूद करताना जुन्यांच्या तपासणीचा खर्च वेगळ्या लेखाशीर्षाखाली धरायला शिक्षण विभागाने येत्या अर्थसंकल्पापासूनच सुरुवात करावी.