‘कोमा’ जरूर वाचा, पण निर्णय त्या पुस्तकावर सोडू नका

रॉबिन कुक यांची ‘कोमा’ कशी वाटली असं कोणालाही विचारा. पहिली दोन वाक्यं पुस्तकाबद्दल असतात आणि तिसऱ्यापासून बोलणं दवाखान्यांवर येतं. ‘हातातून सुटत नाही’, ‘शेवट एका बैठकीत संपवला’, आणि लगेच, ‘आता ऑपरेशन म्हटलं की पोटात गोळा येतो.’ कोणाला संवाद ठोकळेबाज वाटतात, कोणाला वैद्यकीय शब्दांचा मारा नकोसा होतो, कोणाला नायिका अतोनात आवडते. ही सगळी मतं ठीकच आहेत. पण एक मत पुन्हा पुन्हा कानावर येतं: ‘डॉक्टरनेच लिहिलंय, म्हणजे आत असंच चालत असणार.’ मला जे सांगायचं आहे ते या एका मताबद्दल, कारण ते पुस्तकापाशी थांबत नाही. ते घरात येतं, आजाऱ्याच्या उशापाशी बसतं आणि एखाद्या दिवशी आयसीयूच्या दारात आपल्या तोंडून ‘नाही’ वदवून घेतं.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. कादंबरी 1977 सालची आहे, त्यामुळे रहस्य फुटण्याची भीती आता बाळगत नाही. बॉस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयात सुझन व्हीलर ही वैद्यकीय विद्यार्थिनी शिकायला येते. किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आलेले धडधाकट तरुण रुग्ण टेबलावरून शुद्धीवर येतच नाहीत, हे तिच्या ध्यानात येतं. ती आकडे जमवते, केसपेपर मिळवण्यासाठी धडपडते, वरिष्ठांचा रोष ओढवून घेते. शेवटी कळतं की आठ नंबरच्या थिएटरमध्ये ऑक्सिजनच्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड सोडला जातो, रुग्णाचा मेंदू निकामी होतो आणि मग त्या देहातले अवयव विकले जातात. सूत्रधार निघतो खुद्द शल्यविभागाचा प्रमुख. पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपट आला. तो दिग्दर्शित केला मायकेल क्रायटन यांनी, आणि तेही हार्वर्डमधून डॉक्टर झालेले. तारांनी छताला टांगलेले देह ज्यांनी त्या चित्रपटात पाहिले, त्यांच्या डोळ्यांसमोरून ते दृश्य सहसा जात नाही.

आता ‘डॉक्टरनेच लिहिलंय’ या म्हणण्याकडे येतो. कुक डॉक्टर आहेत, नेत्रशल्यविशारद आहेत, हे खरंच. पण त्यांचं पहिलं पुस्तक 1972 साली आलं होतं. इंटर्न डॉक्टरच्या आयुष्याची ती हकीकत फारशी चालली नाही. मग त्यांनी भरपूर खपणाऱ्या कादंबऱ्या बारकाईने वाचल्या, वाचकाला पुढचं पान उलटायला काय भाग पाडतं ते शोधलं आणि त्यानंतर ‘कोमा’ लिहिली. तुम्हाला वाटलेली भीती एका हुशार माणसाने अभ्यास करून, ठरवून उभी केलेली आहे. यात कमीपणा काहीच नाही, उलट ही कारागिरी दाद द्यावी अशीच आहे. दाद देताना ती कारागिरी आहे एवढं मात्र आठवणीत राहू द्या.

त्या कारागिरीचं मर्म कार्बन मोनॉक्साइडच्या निवडीत आहे. शरीराला प्राणवायू कमी पडला की रक्त काळसर पडतं आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला ते दिसतं. हा वायू हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि रक्त लालच राहतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनाच्या काळात घरोघरी आला. त्या काळी थिएटरमध्ये तो नव्हताच, पण असता तरी साधा ऑक्सिमीटर या वायूपुढे फसतो. म्हणजे लेखकाने वापरलेली युक्ती शास्त्राला धरून आहे. आणि वाचकाची गल्लत नेमकी इथे होते. वायू खरा, म्हणून कटही खरा वाटतो. तपशिलाचा खरेपणा कथानकाच्या नावावर जमा होतो. वैद्यकीय थरारकादंबरी उभी राहते ती याच पायावर, आणि वाचक म्हणून आपण या दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकलं पाहिजे.

भुलेची भीती मात्र त्या काळात निराधार नव्हती, हेही सांगायला हवं. 1982 साली अमेरिकेत एबीसी वाहिनीच्या ‘20/20’ या कार्यक्रमाने भुलेमुळे होणारे मृत्यू आणि मेंदूच्या इजा लोकांसमोर मांडल्या. मोठी खळबळ उडाली. तिथल्या भूलतज्ज्ञांनी कान बंद करून घेतले नाहीत. 1985 साली रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी वेगळी संस्था उभी राहिली. 1986 साली शस्त्रक्रियेच्या वेळी कशाकशावर सतत नजर ठेवायची याचे नियम त्यांच्या संघटनेने ठरवले. रक्तातला प्राणवायू, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, हृदयाचे ठोके, रक्तदाब, सगळं पडद्यावर दिसू लागलं आणि भुलेने होणारे मृत्यू खूप घटले. भीतीचं रूपांतर प्रश्नात झालं आणि त्या प्रश्नाला कोणीतरी उत्तर दिलं, म्हणून हे घडलं.

तुम्हीही तसंच करा. घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधी भेटण्याचा आग्रह धरा. त्यांना सगळं खरं सांगा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तंबाखू किंवा दारू असेल, दमा असेल, दात हलत असेल, आधीच्या भुलेच्या वेळी त्रास झाला असेल किंवा घराण्यात कोणाला झाला असेल, तर काहीही लपवू नका. ‘उपाशीपोटी या’ म्हटल्यावर चहाबिस्किटं खाऊन गप्प बसणारे रुग्ण असतात. उलटी श्वासनलिकेत गेली तर जीव धोक्यात येतो, आणि त्याला कोणताही खलनायक लागत नाही. भूल कोण देणार, शस्त्रक्रिया संपेपर्यंत ते तिथेच थांबणार का, काही बिघडलं तर आयसीयूची सोय कुठे आहे, हे खुशाल विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आता अवयवदानाचा प्रश्न. माझी खरी कळकळ इथे आहे. कादंबरीतले रुग्ण कोमात आहेत आणि त्यांचे अवयव काढले जातात. प्रत्यक्षात कोमातल्या माणसाचे अवयव काढता येत नाहीत. कोमातला रुग्ण जिवंत असतो. त्याचा मेंदू दुखावलेला असतो, पण मस्तिष्कस्तंभ काम करत असू शकतो. तो कधी सुधारतो, कधी नाही. मेंदूमृत माणसाचा मस्तिष्कस्तंभ कायमचा बंद पडलेला असतो, तो स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही. व्हेंटिलेटरमुळे छाती हलते आणि हृदय काही काळ धडधडत राहतं, म्हणून अंग गरम लागतं. नातेवाइकांना ‘अजून आहे’ असं वाटतं. ते वाटणं किती स्वाभाविक आहे! आणि त्याच क्षणी डोक्यात ‘कोमा’ असेल तर समोरचा समुपदेशक अवयव मागायला आलेला दलाल वाटू लागतो.

ब्रिटनमध्ये हे घडून गेलं आहे. 1980 साली बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने विचारलं, की अवयव देणारे खरोखर मेलेले असतात का? त्यात दाखवलेले रुग्ण अमेरिकेतले होते, आणि ब्रिटनच्या निकषांनुसार मेंदूमृत्यूचं निदान त्यांच्यापैकी कोणाचंही झालेलं नव्हतं. तरी त्यानंतर काही महिने तिथे मूत्रपिंडदान घटलं. त्या महिन्यांत डायलिसिसवर ताटकळणाऱ्या माणसांना कोणाच्या शंकेची किंमत मोजावी लागली, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. मेंदूमृत्यू एकटा डॉक्टर जाहीर करू शकत नाही. चार जण लागतात: रुग्णालयाचे प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यविशारद, आणि उपचार करणारे डॉक्टर. यांपैकी कोणीही प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला असता कामा नये. तपासण्या दोनदा होतात आणि दोन्हींमध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवावं लागतं. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, घशाला स्पर्श झाल्यावर ठसका लागतो का, व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला केल्यावर श्वास घेण्याची हालचाल दिसते का, हे पाहतात. त्यानंतरही जवळच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाता येत नाही. अवयव कोणाला द्यायचा ते प्रतीक्षायादीवरून ठरतं. आपल्या राज्यात ती यादी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडे असते. संमतीनंतर अवयव राखण्याचा आणि काढण्याचा खर्च कुटुंबावर टाकायचा नसतो. नंतर देह नीट शिवून ताब्यात मिळतो आणि अंत्यसंस्कार नेहमीसारखे करता येतात.

मग आपल्याकडे सगळं स्वच्छ आहे का? नाही. किडनीचे गुन्हे या देशात झाले आहेत, महाराष्ट्रातही झाले आहेत. पण ते कसे झाले ते पाहा. कर्जात बुडालेला गरीब माणूस, त्याला हेरणारा दलाल, खोटी नाती दाखवणारी कागदपत्रं आणि शेवटी ठरलेले पैसेही हातावर न टेकवणं. बळी पडला तो जिवंत, शुद्धीत असलेला, गरजू माणूस. कादंबरी वाचून मध्यमवर्गीय वाचकाला धोका ऑपरेशन टेबलावर दिसतो, पण खरा धोका झोपडपट्टीतल्या आणि दुष्काळी गावातल्या माणसाला आहे. संतापायचं तर त्याच्यासाठी संतापा. अवयवांच्या खरेदीविक्रीला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या ओळखीत कोणी किडनीसाठी ‘माणूस बघून देतो’ म्हणत असेल तर तो गुन्हा आहे, त्याची तक्रार करा. आणखी एक. मरणोत्तर अवयवदान वाढलं तर या दलालांचा धंदा आपोआप आटतो. ‘कोमा’ला घाबरून दान नाकारणारा माणूस, त्याची इच्छा नसतानाही, त्यांचीच गिऱ्हाइकं वाढवतो. कुक यांनाही अवयवांच्या टंचाईची काळजी होती. कादंबरीच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या नावाने जोडलेलं टिपण याच विषयावर आहे. पण कट उलगडल्यावर पुस्तक मिटणारे वाचक ते वगळतात. तुम्ही ते वाचा. ज्या लेखकाचा हवाला देऊन लोक अवयवदानाला नकार देतात, त्याला मुळात काय खुपत होतं ते त्यात आहे.

शुद्ध हरपलेल्या देहाचं रुग्णालयात काय होतं, याचं एक उत्तर मुंबईत आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर 1973 साली त्याच रुग्णालयात हल्ला झाला. त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. मे 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलत ठेवली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयात दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा केईएमचे कर्मचारीच त्यांच्या जगण्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा श्वास त्यांचा स्वतःचा होता, त्या मेंदूमृत नव्हत्या, आणि न्यायालयानेही ते नोंदवलं. रुग्णालयात गुन्हा घडू शकतो आणि त्याच रुग्णालयात चार दशकं अशी शुश्रूषाही होऊ शकते. वाचकाने या दोन्ही गोष्टी मनात ठेवल्या पाहिजेत. ‘कोमा’ वाचलीत तर तिच्या शेजारी डॉ. रवी बापट यांचं ‘वॉर्ड नं. ५, केईएम’ही ठेवा. सार्वजनिक रुग्णालय आतून कसं चालतं, ते तिथे आयुष्य घालवलेल्या माणसाकडून कळेल.

पुस्तकाबद्दल बोलूच नका, असं मी म्हणत नाही. भरपूर बोला. सुझनला ‘बाईमाणूस असून डॉक्टर होणार का’ छापाचे जे टोमणे खावे लागतात, त्यावर बोला. आज वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींना ते ओळखीचे वाटतात का, हे त्यांनाच विचारा. ती वरिष्ठांना प्रश्न विचारत राहते आणि सगळे तिला गप्प बसवतात, हा माझ्या मते कादंबरीचा सगळ्यात अस्सल भाग आहे, आणि त्यावर चर्चा फार कमी होते. वाचनालयातून तुम्ही आणलेलं पुस्तक पुढच्या माणसाच्या हाती देताना, ‘यातला वायू खरा आहे, कट रचलेला आहे आणि कोमातल्या माणसाचे अवयव कोणी काढू शकत नाही’ एवढं सांगून द्या. गावात प्रत्यारोपण समन्वयक किंवा भूलतज्ज्ञ असतील तर वाचनकट्ट्यावर त्यांना बोलवा आणि मनातले सगळे संशय त्यांच्यापुढे मांडा.

आणि घरात एकदा बसून बोला. अवयवदानाची नोंदणी ‘नोटो’ या राष्ट्रीय संस्थेकडे करता येते. पण खिशात कार्ड असलं तरी अखेर विचारणा जोडीदाराला, मुलांना, आईवडिलांना होते. ती वेळ येते तेव्हा कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, आणि हृदय काढल्यावर ते दुसऱ्याच्या छातीत बसवायला साधारण चार तासच मिळतात. म्हणून तुमची इच्छा आत्ताच स्पष्ट सांगून ठेवा. तुमचं उत्तर ‘नको’ असेल तर तेही सांगा. तो तुमचा अधिकार आहे, आणि मागे राहणाऱ्यांना तुमच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधत बसावं लागणार नाही.