गाडीत कुठली रायफल ठेवावी, असं विचारणाऱ्यांसाठी

बिबवेवाडीत रात्री गाड्या फुटल्या की दोन दिवसांत इनबॉक्सला ठरलेला प्रश्न येतो. "साहेब, बंदुकीचं लायसन कसं निघतं? आणि गाडीत ठेवायला काय बरं, पिस्तूल की रायफल?" विचारणारे कुणी भाई नसतात. कुणाचा मार्केट यार्डात गाळा असतो आणि रोकड घेऊन रात्री घरी यायचं असतं. कुणाचा टेम्पो रस्त्यावरच उभा राहतो, कारण चाळीत पार्किंग नाही. 2025 च्या फेब्रुवारीत अप्पर-बिबवेवाडी भागात एका रात्रीत गाड्यांच्या काचांचा जो खच पडला, तो पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडला तर त्याला हसू नये. तेव्हा सरळ उत्तर देतो.

आधी रायफल. सामान्य माणसाला परवान्यावर मिळणारी रायफल म्हणजे बहुतेक वेळा पॉइंट 315 बोअरची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. दर गोळीमागे बोल्ट ओढायचा. सिनेमात दिसते तशी धडाधड चालणारी रायफल आपल्याकडे नागरिकाला मिळत नाही, ती प्रतिबंधित वर्गात मोडते. लांबी साधारण मीटरभर. आता ही वस्तू वॅगन-आरच्या पुढच्या सीटवर बसून वळवून दाखवा बरं. स्टिअरिंगला अडकेल, नाहीतर शेजारी बसलेल्या वहिनींच्या कपाळाला लागेल. आणि समजा सुटलीच गोळी, तर ती काच फोडणाऱ्या पोरापाशी थांबत नाही. किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. अप्पर इंदिरानगरच्या गल्लीत किलोमीटरभरात किती पत्र्याची घरं येतात, तुम्हीच मोजा.

मग पिस्तूल? पुणे शहरात परवाना पोलिस आयुक्तालयातून मिळतो. अर्ज, चौकशी, जीवाला धोका आहे याचा पुरावा, वापराचं प्रशिक्षण. शिवाय 2016 च्या शस्त्र नियमांनुसार हत्यार सुरक्षित, कुलपात ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. सार्वजनिक ठिकाणी नेताना ते होल्स्टरमध्ये किंवा आवरणात हवं, उगाच काढून दाखवायचं नाही. सीटखाली टाकून गाडी रात्रभर रस्त्यावर लावणं यात कुठेच बसत नाही.

माझा खरा मुद्दा इथेच आहे. आपल्याकडे चोरटा बंगल्यात शिरत नाही, गाडीची काच फोडतो. म्हणजे जी जागा सगळ्यात आधी फुटते, तिथेच आपण हत्यार ठेवायचं म्हणतोय! आज कोयता घेऊन फिरणाऱ्या टोळक्याला उद्या काच फोडल्यावर डॅशबोर्डच्या कप्प्यात पिस्तूल सापडलं, तर परवा ते कुणाच्या हातात असेल? तेही तुमच्या नावावरचं.

हे मनाचं सांगत नाही. 8 फेब्रुवारी 2024 ला दहिसरमध्ये अभिषेक घोसाळकरांवर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. ते पिस्तूल मारणाऱ्याचं नव्हतंच. त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर परवाना होता. मारेकऱ्याने नंतर स्वतःवरच गोळी झाडून घेतली आणि पोलिसांनी अटक कुणाला केली, तर त्या अंगरक्षकाला. त्याच्या आठवडाभर आधी, 2 फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या हिल लाइन पोलिस ठाण्यात आमदार गणपत गायकवाडांनी परवान्याच्या पिस्तुलातून गोळीबार केला, तोही वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये. भांडण जमिनीचं. पिस्तूल कमरेला नसतं तर फार तर गचांडी धरली असती. आपल्या मुळशीतलं प्रकरण तर सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवल्याचा व्हिडिओ 2024 च्या जुलैत फिरला आणि मनोरमा खेडकरांना अटक झाली. बीड जिल्ह्यात परवान्यांचा आकडा हजाराच्या वर गेला होता. संतोष देशमुखांच्या हत्येनंतर ओरड झाली, तेव्हा 2025 च्या सुरुवातीला प्रशासनाला शंभरावर परवाने रद्द करावे लागले. एवढ्या बंदुकांनी बीड सुरक्षित झालं, असं कुणी बीडकर म्हणालेला मी ऐकलेला नाही.

हत्यारांची ज्यांना कधीच कमतरता नव्हती, त्यांचं काय झालं तेही बघा. 5 जानेवारी 2024 ला शरद मोहोळ कोथरूडच्या सुतारदऱ्यात भर दुपारी मारला गेला, पोलिसांच्या म्हणण्यानुसार सोबतच्याच माणसांकडून. बाबा सिद्दिकींना 12 ऑक्टोबर 2024 ला वांद्र्यात गोळ्या घातल्या, तेव्हा पोलिस अंगरक्षक बरोबर होता.

"मग कॅश व्हॅनमध्ये बंदूक कशी चालते?" हाही प्रश्न येतो. चांगला प्रश्न आहे. एटीएमला पैसे नेणाऱ्या गाडीत केंद्राच्या 2018 च्या नियमांनुसार दोन बंदूकधारी लागतात आणि शहरात रात्री 9 नंतर रोकड भरायला जायचं नाही. म्हणजे तिथे बंदूक गाडीत पडलेली नसते, माणसाच्या हातात असते, आणि त्या माणसाला दुसरं काम नसतं. गाडीही चालवतो, हप्त्याचा फोनही घेतो आणि बंदूकही सांभाळतो, असा माणूस त्या व्यवस्थेत नाही. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याने परवाना मागितला, तर त्याची गरज मला मान्य आहे. पण रोकड कमी करून बँकेत किंवा यूपीआयवर व्यवहार नेला, तर ती गरज अर्ध्याने उतरेल.

आता जे उघड कुणी बोलत नाही. परवान्याच्या भानगडीत न पडता ड्रायव्हरच्या सीटखाली कोयता किंवा हॉकी स्टिक ठेवणारे आपल्यातच आहेत. "कामासाठी आहे" हे उत्तर नाकाबंदीत चालत नाही. जप्तीनंतर शस्त्र कायद्याचं कलम 4 आणि 25, जोडीला महाराष्ट्र पोलिस अधिनियमाचं 37(1) आणि 135, ही पाटी ठरलेली. आयुक्तांचे 37(1) चे मनाई आदेश शहरात पुन्हा पुन्हा निघत असतात आणि त्यात काठीसुद्धा येते. उद्या पोराच्या पासपोर्टची किंवा नोकरीची पडताळणी असेल तेव्हा हा गुन्हा पुढे येतो.

आणि समजा मारलंच कुणाला. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये. पण नुसती काच फोडतोय म्हणून जीव घेण्याची मुभा त्यात नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाची, गंभीर दुखापतीची रास्त भीती होती, हे दाखवावं लागतं. शिवाय समोर कोण असतो? पुण्याच्या बातम्यांत "विधिसंघर्षग्रस्त बालक" हा शब्द आम्हाला किती वेळा लिहावा लागतो, विचारू नका. पंधरा-सोळा वर्षांचं, मागच्या गल्लीतलं पोरगं. त्याला शिक्षा व्हायलाच पाहिजे, मी त्याची बाजू घेत नाही. पण त्याच्या आईला तुम्ही रोज भाजीच्या गाडीवर भेटता.

नुकसान कुणाचं होतं, यावर मात्र चर्चाच होत नाही. रिक्षावाला, टेम्पोवाला, वर्गणी काढून घेतलेल्या सेकंडहँड गाडीवाला. यांच्यातल्या बऱ्याच जणांचा विमा फक्त थर्ड पार्टी असतो. त्यात स्वतःच्या गाडीच्या काचेचा एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर अशी तोडफोड त्यात बसते, पण कंपनी एफआयआर मागते. म्हणून गाडी फुटली की नुसता अर्ज देऊन पोच घेऊन घरी येऊ नका, गुन्हा नोंदवून घ्या आणि प्रत मागा, ती फुकट मिळते. काच झाडण्याआधी फोटो काढा. प्रसंग चालू असेल तर 112 ला फोन करा आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवा. गाडी किती मिनिटांत आली, हा हिशेब आपल्याकडे पाहिजे.

पिस्तुलावर लाखभर घालायची तयारी असलेल्या पाच जणांनी तेच पैसे एकत्र केले, तर एका गल्लीचे दिवे, चालू कॅमेरे आणि रात्रीचा गुरखा होतो. खरं तर तेही आपलं काम नाही, त्यासाठी आपण कर भरतो. म्हणून पुढच्या वेळी पोलिस ठाण्यात शिष्टमंडळ गेलं की लायसनचं नंतर बोला. आधी एवढंच विचारा : रात्री 2 ते 4 या वेळेत अप्परच्या शेवटच्या स्टॉपपासून गंगाधाम चौकापर्यंत गस्तीवर किती माणसं असतात? आकडा लेखी मागा. मिळाला तर इथे कमेंटमध्ये टाका, नाही मिळाला तर तेही टाका.