गव्हाविना स्वयंपाकघर

पथ्य म्हटले की आपल्या मनात नकळत एक मुदत येते. कावीळ झाली की तेलातुपावर काही आठवड्यांची बंदी येते. बाळंतपणाचे पथ्य सव्वा महिन्याचे. आंबट-तिखट वर्ज्य असते तेही औषधाची बाटली संपेपर्यंत. सिलिअॅक या आजाराचे पथ्य यांपैकी कशातच बसत नाही. त्यात गहू जातो तो कायमचा. आणि दुसरी, अधिक अवघड गोष्ट अशी की हे पथ्य रुग्णाने एकट्याने पाळून भागत नाही. ते त्याच्या स्वयंपाकघराला पाळावे लागते. या दुसऱ्या गोष्टीकडे घरोघरी दुर्लक्ष होते, म्हणून आजचा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे.

गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिनांना आपण ग्लुटेन म्हणतो. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो ग्लुटेनमुळे. ज्वारी-बाजरीच्या पिठात ते नसते, म्हणूनच पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते. सिलिअॅक असलेल्या व्यक्तीची प्रतिकारशक्ती ग्लुटेनला शत्रू समजते, आणि त्या लढाईत लहान आतड्याच्या अस्तराचीच नासधूस होते. या अस्तरावर मखमलीसारखे बारीक अंकुर असतात व अन्नरस शोषण्याचे काम तेच करतात. ते झिजून सपाट झाले की माणूस जेवतो, पण जेवलेले अंगी लागत नाही. 'मला गहू जरा जड पडतो' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांची तक्रार खरी असली तरी तो हा आजार असेलच असे नाही.

गव्हाचा आणि या दुखण्याचा संबंध वैद्यकाच्या ध्यानात आला त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. नेदरलँड्समधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच गव्हाविषयी संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात उपासमार झाली व पाव मिळेनासा झाला. त्या काळातील अनुभवाने त्यांचा संशय बळावला. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला. ते बालरोगतज्ज्ञ होते आणि त्यांचे रुग्ण बालकेच होती, म्हणून असेल कदाचित, पण 'हा लहान मुलांचा आजार' ही समजूत पुढे फार काळ टिकली. प्रत्यक्षात तो साठीत, सत्तरीतही प्रथमच उघडकीस येतो. त्या वयात तो पोटाच्या तक्रारी घेऊन येईलच असे नाही. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, साध्या पडण्याने मोडलेले मनगट, उतरत जाणारे वजन, तळपायांतील बधिरपणा, अशी त्याची रूपे असतात. या सगळ्याला आपल्याकडे एकच उत्तर तयार असते: 'आता वय झाले.'

माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबात प्रथम निदान झाले ते सात वर्षांच्या नातीचे. तिची उंची वाढत नव्हती, पोट मात्र नगाऱ्यासारखे. मुलाला हा आजार निघाला की आई-वडील आणि भावंडांची तपासणी करावी असा दंडक आहे, कारण अशा जवळच्या नातलगांत साधारण दहांत एकाला तो असू शकतो. तपासणीत वडिलांना तो निघाला. मग अडुसष्ट वर्षांच्या आजींच्या जुन्या पंडुरोगाकडे नव्याने पाहणे भागच होते. त्यांची रक्ततपासणी झाली, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला गेला, आणि एका घरात तीन पिढ्यांचे तीन रुग्ण झाले. आजींचे पहिले वाक्य मला अजून आठवते. 'डॉक्टर, पोरीचे बघा. माझे काय, दोन घास पोळी खाऊन मरेन.'

हे वाक्य अनेक ज्येष्ठांच्या ओठांवर असते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देते. या वयात आतड्याची हानी चालू राहिली तर मरण लवकर येईलच असे नाही. पण हाडे ठिसूळ होतात, खुबा मोडतो, आणि मग उरलेली वर्षे अंथरुणावर, दुसऱ्याच्या हाताने जातात. कुणावर भार होऊ नये म्हणून पथ्य टाळणारी व्यक्ती अशाने तोच भार ओढवून घेते. शिवाय नातीसमोर आजीने चोरून पोळी खाल्ली तर नात काय शिकेल? आजींना हाडांचा मुद्दा पटला नाही, हा मात्र लगेच पटला.

आता स्वयंपाकघराकडे वळू. आपल्या महाराष्ट्राचे यात भाग्य आहे, कारण आपले जुने अन्न बहुतांशी ग्लुटेनविरहितच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी, दूध, दही, अंडी, मासे, भाज्या, फळे: यांपैकी कशालाही मुळात बंदी नाही. गव्हाची पोळी रोजच्या ताटात दोन्ही वेळा येऊ लागली, ती अनेक घरांत गेल्या दोन-तीन पिढ्यांतच. आजच्या कित्येक ज्येष्ठांचे बालपण भाकरीवर गेलेले आहे. त्यामुळे 'खायचे तरी काय?' या प्रश्नाचे उत्तर महागड्या पाकिटांत शोधण्याची गरज नाही. गहू टाळायचा म्हणजे रवा, मैदा, दलिया, गव्हाच्या शेवया, कुरडया, पाव, बिस्किटे, नानकटाई हे सारे टाळायचे, एवढे बहुतेकांना समजते. 'खपली पचायला हलका, तो चालेल' असे मात्र पुष्कळ जण मला ऐकवतात. चालत नाही. खपली हाही गहूच आहे.

अडचण उघड गव्हाची नाही, लपलेल्या गव्हाची आहे. वरील घरातील आजी व नात सहा महिने भाकरी-भातावर होत्या. नातीची प्रकृती सुधारली, पण दोघींच्याही रक्तातील प्रतिपिंडे अपेक्षेइतकी उतरेनात. सुनेला रडू कोसळले, कारण तिने खरोखर जिवापाड जपले होते. मी तिला घरातील सर्व डबे व पाकिटे पिशवीत घालून आणायला सांगितले. हिंगाच्या डबीवर घटकांमध्ये गव्हाचे पीठ लिहिलेले होते. बाजारात मिळणारा बांधानी हिंग शुद्ध नसतो. तो पिठात मिसळलेला असतो, आणि ते पीठ बहुधा गव्हाचे असते. म्हणजे वरणाच्या प्रत्येक फोडणीत गहू पडत होता. मेतकुटात गहू होता, थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू होता. आणि सर्वांत मोठे कारण निघाले गिरणी! ज्वारी घरची, स्वच्छ. पण ती ज्या जात्यावर दळली जाई त्यावर आधी शेजाऱ्यांचे गहू दळलेले असत.

'एवढ्याशाने काय होणार?' असे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून थोडा हिशेब मांडते. एका मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असते. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा सुमारे पन्नासावा हिस्सा, काही महिने पोटात गेला तरी आतड्याच्या अस्तराला इजा होते, असे संशोधनात दिसले आहे. आपल्या देशातील नियमानुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. या मापाने पाहिले तर गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेले ज्वारीचे पीठ कुठल्या कुठे जाते. गिरणीवाल्याला 'आधी थोडे तांदूळ दळून घ्या' असे सांगितल्याने समाधान होते, जाते स्वच्छ होत नाही. परवडत असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गव्हाचा दाणाही घालू नये. दळण्यापूर्वी ज्वारी निवडावी, कारण दुकानाच्या पोत्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. मग धुऊन, वाळवून दळावी. निवडण्याचे काम त्या घरात आजींनी मागून घेतले. 'माझे काय' म्हणणाऱ्या आजी रोज परात घेऊन खिडकीशी बसू लागल्या, आणि त्यांच्या नजरेतून दाणा सुटत नसे.

लाकडी पोळपाट-लाटणे, चाळणी, भेगा पडलेला तवा यांत पीठ अडकून राहते. ती वेगळीच हवीत. पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळू नये. बरणीत पोळीचे बोट लागलेले लोणचे व तूपही वेगळे ठेवावे. हे सारे करता येते, पण दोन खोल्यांच्या घरात, एका ओट्यावर, सकाळच्या घाईत ते रोज निभावत नाही. कोरडी कणीक मळताना उडणारे पीठ शेजारच्या भाकरीवर बसतेच. माझे मत विचाराल तर घरातील एका जरी माणसाला सिलिअॅक असेल तर ओट्यावरून कणीकच हद्दपार करावी. इतरांना पोळी हवीच असेल तर तयार पोळ्या बाहेरून आणाव्यात, आपल्या ताटात खाव्यात, ताट आपण उचलावे. हा सल्ला अनेकांना टोकाचा वाटतो. परंतु 'एकीसाठी वेगळे' या व्यवस्थेत ती एक व्यक्ती सतत अपराधी होऊन जेवते, आणि सून दोन स्वयंपाक करून थकते, हे मी पुरेसे पाहिले आहे.

ज्यांना कवळी आहे त्यांना भाकरी चावत नाही, ही तक्रार रास्त आहे. ताजी, पातळ भाकरी गरम आमटीत किंवा दुधात कुस्करावी. ज्वारीची उकड, नाचणीची आंबील, तांदळाचे घावन, मुगाचे धिरडे यांनी ताट बदलते ठेवावे. मधुमेह असेल तर पोळीच्या जागी नुसता भात आणि साबुदाणा वाढवू नये, साखर चढेल. गहू गेल्याने कोंडा कमी होऊन बद्धकोष्ठ होतो, म्हणून पालेभाजी व पाणी हवे. आरंभीचे काही महिने दूध पचत नसेल तर घाबरू नये. अस्तर भरत आले की ते बहुधा पुन्हा पचू लागते. ओटस्‌ मात्र गव्हाबरोबरच हाताळले जातात, तेव्हा ग्लुटेनमुक्त असे छापलेले नसेल तर नकोत.

आजारी माणसाला भेटायला येणारे आप्त बिस्किटे किंवा शक्तिवर्धक पेयाची बरणी आणतात. त्या पेयांतील 'माल्ट' म्हणजे मोड आणलेला जव. सातूच्या पिठातही जव किंवा गहूच असतो. बरणी हसून घ्यावी आणि शेजारी द्यावी.

सणांचे दुःख निराळे. उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, तांदळाच्या भाजणीची चकली हे सारे घरी, हिंगाकडे लक्ष ठेवून करता येते. पुरणपोळी, करंजी, शंकरपाळे नेहमीच्या रीतीने नाहीत. आणि सत्यनारायणाचा प्रसाद रव्याच्या शिऱ्याचा असतो. ज्येष्ठांना तो नाकारणे म्हणजे देवाला नाकारणे वाटते. मी त्यांना सांगते, प्रसाद कपाळाला लावा, शेजारच्याच्या हातावर ठेवा, आणि स्वतः तीर्थ व केळे घ्या. यजमान समजूतदार असेल तर त्याला आधीच कळवावे. लग्नाच्या पंगतीत मात्र भिडेस बळी पडू नये. घरून जेवून जावे.

आता काही वैद्यकीय गोष्टी, ज्या चुकल्या तर महागात पडतात. केवळ शंका आली म्हणून गहू आधी बंद करू नका. गहू खाणे चालू असतानाच रक्तातील टीटीजी प्रतिपिंडे व आतड्याचा तुकडा यांची तपासणी खरी ठरते; पथ्य आधी सुरू केले तर अहवाल फसवा येतो. निदान झाल्यावर हाडांची घनता मोजून घ्यावी, लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व तपासावे. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती आतडे सुधारल्यावर अधिक शोषली जाते, तेव्हा मात्रा कमी करावी लागू शकते. मधुमेहाच्या औषधांवरही लक्ष हवे. प्रतिपिंडे सहा महिन्यांनी व वर्षाने पुन्हा पाहतात. उतारवयात अस्तर भरून येण्यास वर्षा-दोन वर्षांहूनही अधिक काळ लागतो, त्यामुळे तीन महिन्यांत हुरूप येत नाही म्हणून पथ्य सोडू नये. पण पथ्य काटेकोर असूनही वजन उतरत असेल, पोट नव्याने दुखू लागले, शौचातून रक्त पडले, तर वाट न पाहता पोटविकारतज्ज्ञांकडे जावे. गोळ्या, चूर्णे, अवलेह यांत भर म्हणून काय घातले आहे हे औषधविक्रेत्यास विचारावे; त्यात संकोच नको.

त्या घरातील आजींची प्रतिपिंडे दीड वर्षाने सामान्य झाली. हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले आहे. हाडांची घनता अजून समाधानकारक नाही, त्यासाठी औषध चालू आहे. त्यांची धाकटी बहीण गावी असते, ती 'मला काही होत नाही' म्हणून तपासणी टाळते आहे. पुढच्या महिन्यात ती इकडे येणार आहे, आणि आजींनी तिची वेळ माझ्याकडे आधीच घेऊन ठेवली आहे.