पट भरला, पण अक्षर कुणाला आले? बिहारच्या मोजणीतून निसटणारा टोला

बिहारच्या ग्रामीण भागात ६ ते १४ वयोगटातील शंभरपैकी पंच्याण्णवहून अधिक मुलांची नावे शाळेच्या पटावर आहेत. त्याच बिहारमध्ये सरकारी शाळेत पाचवीत बसणाऱ्या दहा मुलांपैकी जेमतेम चार मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. हे दोन्ही आकडे 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या फेरीतले आहेत. वर्तमानपत्रांत त्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि विषय संपला. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. ज्या सहा मुलांना वाचता येत नाही ती कुणाच्या घरातली आहेत? अहवालात याचे उत्तर सापडत नाही, आणि ते का सापडत नाही हे आपल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे.

बिहारच का? २०११ च्या जनगणनेत देशातील सर्वात कमी साक्षरता, ६१.८ टक्के, बिहारची होती. जवळपास नव्वद टक्के लोक खेड्यात राहतात. राज्य सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या जातगणनेनुसार लोकसंख्येत अनुसूचित जाती १९.६५ टक्के आहेत, म्हणजे दर पाचातला एक माणूस. बोधगयेला जाणारी आपली मंडळी ज्या गया जिल्ह्यातून जातात, तिथेच मुसहर आणि भुईया समाजाचे टोले आहेत. टोला म्हणजे गावाच्या कडेची वेगळी वस्ती. हा शब्द आपल्याला परका असेल, पण अर्थ सांगायची गरज नाही.

आधी मोजणी कशी होते ते पाहू. मुंबईच्या वस्त्यांमधून काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने २००५ मध्ये 'असर' सुरू केले. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावे आणि प्रत्येक गावात २० घरे, अशी एका जिल्ह्यातून ६०० घरे निवडली जातात. स्वयंसेवक शाळेत नव्हे, घरी जातात. मूल कुठे शिकते हे विचारतात आणि ५ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाला समोर बसवून एकच कागद देतात. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. मूल ज्या पायरीवर थांबते ती त्याची पातळी. सरकारी परीक्षा शाळेत हजर असलेल्या मुलांचीच होते. इथे शाळा सोडलेले, गैरहजर राहणारे, पटावर नसलेले मूलही मोजले जाते. या पद्धतीचे मोल आम्ही कमी लेखत नाही. 'शाळा बांधल्या, मुले आली, काम झाले' हा सरकारी दावा याच साध्या कागदाने उघडा पाडला.

आता पटाची गोष्ट. 'असर'चे स्वयंसेवक गावातील सरकारी शाळेलाही भेट देतात. बिहारमध्ये भेटीच्या दिवशी नोंदलेल्या मुलांपैकी साठ टक्क्यांच्या आसपासच वर्गात दिसतात, आणि हे चित्र वर्षानुवर्षे फारसे हललेले नाही. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने सलग गैरहजेरीच्या कारणाने २० लाखांहून अधिक मुलांची नावे पटावरून कमी केली. त्यातली काही नावे खासगी शाळेत शिकणाऱ्यांची होती. योजनांचा लाभ मिळावा म्हणून ती सरकारी पटावर ठेवलेली, असे विभागाचे म्हणणे होते. पण वीटभट्टीवर आईबापांसोबत सहा-सहा महिने जाणारे मूलही सलग गैरहजरच असते. एकाच नियमाने दोघांचे नाव खोडले जाते. पहिल्याला दुसरी शाळा असते, दुसऱ्याला काहीच उरत नाही.

शिकण्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. सरकारी शाळेत तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे बिहारमधील प्रमाण २०२२ मध्ये सुमारे १३ टक्के होते, ते २०२४ मध्ये सुमारे २० टक्क्यांवर गेले. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे स्वागत व्हायला हवे. पण त्याच बिहारमध्ये २०२२ च्या फेरीत सत्तर टक्क्यांहून अधिक मुले पैसे देऊन शिकवणीला जात होती. देशाची सरासरी तीस टक्क्यांच्या आसपास होती. मग वाढलेल्या टक्क्यांत शाळेचा वाटा किती आणि शिकवणीचा किती? ज्या घरात शिकवणीचे पैसे नाहीत, तिथले मूल या वाढीत आहे का? जातगणनेनुसार अनुसूचित जातींतील ४२.९३ टक्के कुटुंबे गरीब आहेत. मुसहर समाजात तर निम्म्याहून अधिक. सरासरी वर गेली म्हणून टोला वर गेला असे होत नाही. सरासरी वर जाताना टोला आणखी मागे पडलेला असू शकतो.

इथे मोजणीतली खरी भेग दिसते. 'असर'च्या प्रकाशित राज्य अहवालात मुलगा-मुलगी, सरकारी-खासगी, इयत्ता असे तक्ते असतात. जातनिहाय तक्ता नसतो. सरकारच्या 'यूडायस' नोंदीत पटाची जात-प्रवर्गनिहाय माहिती मिळते, पण त्यात शिकणे मोजले जात नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात प्रवर्गही असतो आणि शिकणेही, पण ते शाळेत हजर असलेल्या मुलांपुरते. शिवाय 'अनुसूचित जाती' हा एकच रकाना. २००१ च्या जनगणनेत बिहारमधील मुसहरांची साक्षरता ९ टक्के होती, याच प्रवर्गातील इतर जाती कितीतरी पुढे होत्या. एका रकान्यात सगळ्यांना घातले की तळाचा माणूस पुन्हा दिसेनासा होतो. २०२३ च्या जातगणनेने प्रत्येक जातीत किती जण कुठवर शिकले हे सांगितले, पण पाचवीपर्यंत गेलेल्याला वाचता येते का, हे त्यात विचारलेच नव्हते. चार मोजण्या आणि चारही अर्धवट. घरी जाऊन, जात नोंदवून, शिकणे तपासणारी मोजणी यांपैकी एकही नाही.

हा मुद्दा नवा नाही. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी नेमका हाच हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत प्रगत हिंदूंची मुले लोकसंख्येच्या हजारी ११९, तर मागास वर्गाची हजारी १८, हे आकडे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, असे सांगून त्यांनी सरकारच्या खर्चाचा जाब विचारला. पट आणि शिकणे यांतला फरक, तसेच सरासरी आणि समाजनिहाय आकडा यांतला फरक, दोन्ही त्यांनी एकाच भाषणात दाखवले. जवळपास शंभर वर्षांनी आपण पहिला फरक मोजायला शिकलो, दुसरा मात्र सोडून दिला.

'नमुना लहान आहे, जातनिहाय आकडे निघणार नाहीत', असा आक्षेप येईल. हिशेब करून पाहू. मुसहर राज्याच्या लोकसंख्येत सुमारे ३ टक्के आहेत. एका जिल्ह्याच्या ६०० घरांत त्यांची साधारण १८ घरे येतील. तेवढ्यावरून जिल्ह्याबद्दल बोलता येणार नाही, हे मान्य. पण बिहारचे ३८ जिल्हे मिळून २२ हजारांहून अधिक घरे होतात आणि त्यांत मुसहरांची सातशेच्या आसपास. राज्यपातळीवर ढोबळ चित्र मिळायला तेवढी पुरेशी आहेत. 'दारात जाऊन जात विचारणे अवघड' हा दुसरा आक्षेप २०२३ च्या जातगणनेनेच निकालात काढला आहे. केंद्र सरकारने २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद करण्याचे जाहीर केले आहे. शिक्षणाची सर्वेक्षणे त्यानंतरही जातीबाबत गप्प राहणार असतील, तर त्याचे कारण अडचण नसून अनिच्छा आहे असेच म्हणावे लागेल.

नेमके मोजले की उपायही नेमका सुचतो. बिहारमध्ये मुली नववीत गळतात हे दिसले, अंतर हे कारण कळले आणि २००६ मध्ये मुलींसाठी सायकल योजना आली. पुढे झालेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगा-मुलगी तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मुलगी वेगळी मोजली गेली म्हणून हे घडले. महादलित वस्त्यांतील मुलांना शाळेत आणण्यासाठी आणि शिकवण्यासाठी त्याच समाजातून टोला सेवक नेमले गेले. पण त्यांच्या कामाने टोल्यातल्या मुलाला वाचता येऊ लागले का, हे सांगणारा आकडा दरवर्षी जाहीर व्हायला हवा.

महाराष्ट्रातही 'असर' याच पद्धतीने होते आणि इथल्या अहवालातही जातनिहाय तक्ता नसतो. म्हणून आमचे आवाहन दुहेरी आहे. एक, शिक्षणावरील प्रत्येक सर्वेक्षणात जात-प्रवर्ग आणि शक्य तिथे जात नोंदवून तक्ते जाहीर करा, ही मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी लेखी स्वरूपात लावून धरावी. दोन, वाट पाहत बसू नये. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हा कागद कुणालाही वापरता येतो आणि एका मुलाला काही मिनिटेच लागतात. आपल्या वस्तीतल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या, पारध्यांच्या पालावरच्या मुलांपासून सुरुवात करा. कोण कुठल्या पायरीवर थांबले याची यादी हातात घेऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बसा. 'आमच्या शाळेचा पट शंभर टक्के आहे' असे उत्तर आले, तर त्या यादीतले पहिले नाव वाचून पुढचा प्रश्न विचारा.