बँकॉकला जायचे, तर तयारी घरापासूनच



बोधगया, सारनाथ, कुशीनगर पाहून आलेल्या आपल्या मंडळींना आता एखादा बौद्ध देश पाहावा असे वाटू लागले आहे. बचत गटाच्या बैठकीत, विहाराच्या ओट्यावर थायलंडची राजधानी बँकॉकचे नाव निघते. कामगाराच्या घरातली लेक आईला विमानात बसवायचे म्हणते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र पैसा घामाचा आहे. तो कशावर खर्च होणार, हे घरातच ठरले पाहिजे.

बँकॉकचे नाव काढले की आपल्याकडे काही जण गालात हसतात. त्या शहराची ख्याती भलत्याच कारणाने झाली आहे. स्वस्त सहलींच्या कार्यक्रमातही पटाया, बाजार आणि रत्नांची दुकाने भरलेली असतात. विहारासाठी उरतो एखादा तास. तेव्हा एजंटाला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कोणत्या दिवशी काय दाखवणार, हे कागदावर लिहून घ्या. आणि सहलीसाठी कर्ज मुळीच काढू नका. दोन वर्षे भिशी भरा, मग जा. बँकॉक कुठे पळून जात नाही.

पहिले काम कागदपत्रांचे. दीक्षेनंतर किंवा लग्नानंतर आडनाव बदललेल्या आपल्या घरांत एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावे असतात. पासपोर्टचा अर्ज करण्याआधी ती दुरुस्त करून घ्या. प्रवासाच्या वेळी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थायलंडच्या दूतावासाकडूनच माहिती घ्या. मे २०२५ पासून तेथे पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते. सरकारी अर्जाला पैसे पडत नाहीत.

हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरी असते. एप्रिलमध्ये कडक ऊन. १३ ते १५ एप्रिल हे त्यांच्या नववर्षाचे, सोंगक्रानचे दिवस. रस्तोरस्ती पाणी उडते. पण १४ एप्रिलला आपल्या वस्तीतली जयंती सोडून जायचे का, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे!

आता काय पाहायचे? वाट फो विहारातील पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आहे. शेजारीच राजवाड्याच्या आवारात पाचूच्या रंगाची प्रसिद्ध बुद्धमूर्ती आहे. वाट साकेतची सोनेरी टेकडी तर चुकवूच नये. १८९८ साली आपल्या उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे बुद्धधातू सापडले. त्यांतला काही भाग पुढच्या वर्षी सयामच्या राजाला देण्यात आला आणि तो या टेकडीवरील स्तूपात ठेवला आहे. जागतिक बौद्ध बंधुत्व संघाचे मुख्यालयही बँकॉकमध्येच, बेंचासिरी उद्यानात आहे. याच संस्थेच्या १९५० च्या श्रीलंकेतील आणि १९५६ च्या काठमांडूच्या परिषदांना बाबासाहेब हजर होते.

एक गोष्ट मात्र मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. पाचूच्या बुद्धाच्या आवारातील भिंतींवर रामकथेची चित्रे आहेत. तिथल्या राजांना ‘राम’ ही पदवी आहे. चौकात ब्रह्मदेवाची मूर्ती दिसेल, घरांपुढे भुताखेतांसाठी लहान देव्हारे दिसतील. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या पोराला प्रश्न पडणारच: ‘आई, हे लोक बौद्ध ना?’ होय, बौद्धच. पण त्यांचा धम्म शेकडो वर्षांच्या राजवटीत आणि चालीरीतींत वाढला. आपण तो १९५६ साली विचार करून स्वीकारला. तिथे वाद घालू नये, आणि संकोचाने सगळीकडे हातही जोडू नयेत. बुद्धापुढे वंदन करावे, बाकीचे पाहून घ्यावे. भिक्षूंनी स्त्रियांना दीक्षा देऊ नये, असा तिथल्या संघाचा १९२८ चा आदेश आहे. हेही आपल्या मुलींपासून लपवू नये.

त्याचबरोबर घेण्यासारखेही पुष्कळ आहे. एक दिवस पहाटे उठा. पिंडपातासाठी निघालेले भिक्षू आणि दारात भात घेऊन उभी असलेली साधी माणसे पाहा. याला तिकीट नाही. विहारात त्रिशरण-पंचशील ऐका. उच्चार वेगळे वाटतील, पण पाली तीच. आपल्या आजीलाही ओळखू येईल.

थोडी सावधगिरीही हवी. विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत, चपला बाहेर काढाव्यात, मूर्तीकडे पाय करून बसू नये. स्त्रियांनी भिक्षूला स्पर्श करू नये. दान त्याने पसरलेल्या वस्त्रावर ठेवावे. राजाविषयी वेडेवाकडे बोलणे तिथे गुन्हा आहे. ‘आज विहार बंद आहे, चला दुसरीकडे नेतो,’ असे म्हणणारा रिक्षावाला भेटला तर सरळ दारापर्यंत जाऊन स्वतः पाहा. तो बहुधा रत्नांच्या दुकानात नेणारा असतो.

घरासाठी बुद्धमूर्ती आणण्याचा मोह सर्वांनाच होईल. पण ती देशाबाहेर नेण्यास तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. दुकानदाराला आधी परवान्याचे विचारा, मगच पैसे द्या.

परत आल्यावर पौर्णिमेला विहारात बसून पाहिलेले सांगा आणि खर्चाचा हिशेबही सांगा. किती रुपये कशाला लागले, कुठे जास्त गेले, हे कळले तर पुढच्या कुटुंबाचे पैसे वाचतील.