गवयाची खुशाली आणि गाण्याची खुशाली

नव्या वाटेने जाणारा एखादा गायक किंवा वादक आपल्या परिचयाचा असला, म्हणजे त्याजविषयी आपण सुशिक्षित मंडळी काय काय विचारतो, ह्याची एकदा यादी करून पाहावी. प्रकृती कशी आहे? चरितार्थाचे काय? लग्न झाले काय? झाले असल्यास पत्नीला हे सारे चालते काय? बिऱ्हाड कोठे आहे, आणि भाडे निघते काय? हे प्रश्न प्रेमाचे आहेत आणि ते विचारणाऱ्याच्या मनात काळेबेरे नसते. परंतु ह्यांची उत्तरे मिळताच आपली जिज्ञासा तृप्त होते. 'सध्या गाण्यात काय चालले आहे? काय नवे सुचले? काय फसले, आणि का फसले?' हा प्रश्न आपल्या ओठांवर येतच नाही. गवयाची खुशाली आपण आवर्जून घेतो. त्याच्या गाण्याची घेत नाही. हा केवळ शिष्टाचारातील उणेपणा नसून रसिकतेतील दोष आहे, आणि त्याची किंमत कलावंताला व कलेला मोजावी लागते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा दोष आजचा नव्हे. १९११ च्या मार्च महिन्याच्या १२ तारखेस मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही कन्या निवर्तली आणि तरीही ते भामिनीची भूमिका करण्यास उभे राहिले, ही कथा ज्यास ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. कथा खरी आहे आणि हृदयद्रावकही आहे. परंतु त्याच रात्री रंगभूमीवर संगीताचा एक मोठा प्रयोग होत होता. साकी, दिंडी आणि ओळखीच्या पदांच्या चाली ह्यांवर पोसलेल्या नाट्यसंगीतात गोविंदराव टेंबे ह्यांनी ख्याल-ठुमरीच्या बैठकीतील चाली आणून बसविल्या होत्या. त्या चाली नाटकाच्या गतीस मानवतात की नाही, मैफलीचा विस्तार संवादाच्या पोटात मावतो की नाही, हा त्या रात्रीचा खरा प्रश्न होता. पुढील कित्येक वर्षांचे मराठी नाट्यसंगीत त्याच्या उत्तरावर उभे राहिले. ही दुसरी हकीकत किती घरांत सांगितली जाते? आमच्या जळगावास तर तिचे अगत्य अधिक असावयास हवे. कारण बालगंधर्वांनी लहानपणी मेहबूबखाँ ह्यांजकडे धडे घेतले ते तेथेच. परंतु तेथेही आम्ही ऐकली ती मुलीच्या मृत्यूचीच कथा.

स्वतः टेंब्यांस हा भेद चांगला ठाऊक होता, असे म्हणावयास जागा आहे. त्यांनी १९३९ मध्ये 'माझा संगीत व्यासंग' लिहिला आणि 'माझा जीवनविहार' हे आत्मचरित्र त्यानंतर, १९४८ मध्ये. आयुष्याची हकीकत सांगण्याची त्यांस लाज नव्हती. पण व्यासंगास त्यांनी स्वतंत्र ग्रंथ दिला आणि तोही आधी दिला. एवढा विवेक आपण वाचकांनी दाखविला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

परंतु ह्या दोषाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कुमार गंधर्व. त्यांच्याविषयी आपणांस काय ठाऊक आहे? बेळगावजवळील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकाळीमठ हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करी. देवधर मास्तरांकडे मुंबईस तो शिकला. १९४७ मध्ये भानुमतीबाईंशी त्याचा विवाह झाला. लागलीच क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या प्रारंभी देवासला जाऊन राहावे लागले. गाण्यास वैद्यांची बंदी झाली. एक फुफ्फुस निकामी झाले. स्ट्रेप्टोमायसिन ह्या नव्या औषधाने प्राण वाचले. आणि १९५३ च्या सुमारास तो पुन्हा गाऊ लागला. इतके आपल्या सुशिक्षित घरांतील शाळकरी मुलेही सांगतात. आणि मग वडीलधारी माणसे, जणू गणिताचे उत्तर फळ्यावर मांडावे तसे, पुढे सांगतात की, एकच फुफ्फुस राहिल्याने दीर्घ श्वास पुरेना, म्हणून ते लहान लहान तुकड्यांनी गाऊ लागले आणि तीच त्यांची शैली झाली!

ह्या एका वाक्याइतका अन्याय कोणत्याही प्रतिपक्षाने कुमारांवर केला नसेल. ह्याचा अर्थ असा होतो की, त्या माणसाने विचार काही केलाच नाही. जे केले ते त्याच्या रोगाने केले. क्षयाचे रोगी त्या काळी हजारोंनी होते, गाणारेही त्यांत असतील. ते सारे कुमार गंधर्व का झाले नाहीत? ज्याचा श्वास तोकडा, त्याने तार षड्जावर स्थिरावण्याचे साहस टाळले असते. परंतु कुमारांच्या निर्गुणी भजनांतील तो लांबवर फेकलेला, टोकदार आणि निश्चल षड्ज ज्याने ऐकला आहे, त्यास हे गणित क्षणभरही पटू नये. स्वर कोठे सोडावा, शब्द कोठे तोडावा, किती वेळ गप्प राहावे आणि त्या स्तब्धतेतही राग कसा चालता ठेवावा, ह्याचा तो निर्णय होता. निर्णयास असहायता म्हणणे हे सहानुभूतीच्या वेषातील अवमूल्यन होय.

शिवाय जो प्रश्न त्यांनी पुढे सोडविला, तो आजारापूर्वीच त्यांच्यापुढे उभा होता. देवधरांच्या विद्यालयात एकाच घराण्याची शिस्त नव्हती. तेथे नाना घराण्यांचे गाणे कानी पडे. सर्वांची नक्कल करू शकणाऱ्या मुलास एक दिवस 'मग माझे गाणे कोणते?' असे स्वतःस विचारावेच लागते. देवासच्या अंथरुणावर ह्या प्रश्नास अवकाश मिळाला आणि एक अनपेक्षित साहित्यही मिळाले. गळा बंद होता, कान मोकळे होते. आणि कानांवर माळव्यातील बायकांची गाणी येत होती. त्या चाली चार-पाच स्वरांतच फिरत. परंतु कित्येकींत अशी स्वरसंगती सापडे की, ती कोणत्याही रूढ रागात बसेना. लोकधुनेच्या पोटी राग असतो, हे तत्त्व ग्रंथांतून सांगणारे पुष्कळ होते. कुमारांनी ते करून दाखविले. मालवती, सहेली तोडी, लगनगंधार, संजारी, मघवा, अहिमोहिनी असे राग त्यांनी धुनांतून उभे केले, त्यांस 'धुनउगम' म्हटले, आणि १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' ह्या ग्रंथात आपल्या बंदिशी स्वरलिपीसह विद्वानांपुढे परीक्षणार्थ ठेवल्या. हे एका प्रयोगशील माणसाने समाजास दिलेले आपल्या कामाचे वर्तमान होते. सांगा, ते आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिले?

ह्या बाबतीत कुमारांचे विरोधक आपल्यापेक्षा बरे, असे आम्ही म्हणू. घराण्याच्या रीतीची बढत ते करीत नाहीत, रागाची इमारत मजल्यामजल्याने उभी करीत नाहीत, असा आक्षेप जुन्या शिस्तीचे जाणकार घेत. तो आम्हांस मान्य नसला तरी तो गाण्याविषयीचा आक्षेप होता. त्यास गाऊन उत्तर देता येत होते. वामनराव देशपांड्यांचा 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ १९६१ मध्ये निघाला, त्या काळात घराणे म्हणजे काय ह्याविषयी जाणत्या मंडळींत जो विचार चालू होता, त्याने कलेचे पाऊल पुढे पडले. 'बिचाऱ्याला एकच फुफ्फुस हो!' ह्या उद्गारास मात्र गाऊन उत्तर देता येत नाही. त्याने वाद मिटतो आणि वादाबरोबर विचारही मिटतो.

ह्याच सवयीची दुसरी बाजू स्त्रियांच्या वाट्यास आली आहे. भानुमतीबाई म्हणजे पतीची शुश्रूषा करणारी साध्वी, आणि १९६१ मध्ये प्रसूतीत झालेला त्यांचा अंत म्हणजे शोककथेचा एक प्रवेश, एवढ्यावर आपण थांबतो. त्या स्वतः गाण्याच्या विद्यार्थिनी होत्या, माळवी गीते गोळा करण्यात त्यांचा हात होता, ही बातमी आपणांस नीरस वाटते. वसुंधराबाईंचेही तेच. त्यांस २००६ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१५ पर्यंत त्या हयात होत्या, स्वतंत्र मैफली त्यांनी केल्या, शिष्य तयार केले. तरी त्यांची ओळख करून देताना आपण 'कुमारांच्या द्वितीय पत्नी' ह्या शब्दांनी आरंभ करतो आणि बहुधा तेथेच समाप्तीही करतो. खुशालीच्या प्रश्नांत स्त्रीला नाते असते, गळा नसतो.

येथे कोणी म्हणेल की, जीवन आणि कला ह्यांची अशी फारकत करता येते काय? क्षय नसता तर देवास नसते, आणि देवास नसते तर माळव्याची गीतेही नसती. आक्षेप रास्त आहे आणि तो आम्ही टाळीत नाही. आमचे म्हणणे जीवनवार्ता सांगू नये असे नाही. ती निवडून सांगावी असे आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या गल्लीतील गाणी कानी येत, ही वार्ता कळल्याने 'सहेली तोडी' अधिक कळते; म्हणून ती सांगितलीच पाहिजे. फुफ्फुसे किती होती, ही वार्ता कळल्याने केवळ कीव येते. गाणे काकणभरही अधिक कळत नाही. हीच कसोटी लावावी. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी पत्नी आणि एकुलती कन्या ह्यांच्या वियोगानंतर संगीताच्या शोधार्थ देशाटन केले. १९०४ मध्ये ते दक्षिणेस गेले. ह्या प्रवासांच्या रोजनिशीत कोणता पंडित भेटला, त्यास काय विचारले, त्याने काय उत्तर दिले, ते कोठे पटले नाही, ह्याची नोंद आहे. दुःख त्यांस नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्यांनी आपणांस जे सांगण्याजोगे मानले, ते हे.

आता ही सारी थोरामोठ्यांची उदाहरणे झाली. आमच्या गावाशी ह्याचा संबंध काय, असे नरडाण्याच्या वाचकास वाटेल. संबंध फार निकटचा आहे. मुंबईहून निघालेला आग्रा रस्ता धुळे, नरडाणा, शिरपूर, सेंधवा आणि इंदूर असा देवासला पोचतो. त्या टोकाला एका आजारी माणसाने बायकांच्या गाण्यांतून राग शोधले. ह्या टोकाला तसलेच साहित्य आपल्या ओट्यावर पडून आहे. अखाजीला झोक्यावर बसलेल्या सासुरवाशिणी जी अहिराणी गीते गातात, श्रावणात कानबाई बसते त्या रात्री जी गाणी चालतात, डफावर जी वही म्हटली जाते, त्यांतील चाली कोणत्या स्वरांत फिरतात, कोठे थबकतात, कोणता स्वर मुद्दाम चोरतात, हे कान देऊन पाहणारे किती निघतील? शब्द गोळा करणारे काही निघाले. स्वर मात्र वाऱ्यावर आहेत.

आमचा एक जुना विद्यार्थी हे काम करू पाहतो. तो पुण्यास राहतो, तंतुवाद्य वाजवितो, आणि अखाजीच्या चालींवर आपल्या समजुतीप्रमाणे काही रचना करतो. त्या चांगल्या की वाईट, हे आम्ही येथे सांगत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. सणाला तो घरी आला, म्हणजे आप्तस्वकीय त्यास वेढा घालतात आणि वर दिलेली प्रश्नावली अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवितात. त्याच्याजवळ स्वरलिपीची एक वही असते. ती पिशवीतच राहते. तो परत गेला, म्हणजे आठवड्यास फोन येतो: खोली बदलली, खोकला बरा आहे, एका शाळेत शिकवणी मिळाली. घरचे म्हणतात, 'चला, मार्गी लागला.' हल्ली त्यानेही वहीविषयी बोलणे सोडले आहे. जे कोणी विचारीत नाही, ते सांगण्याची सवय माणसास किती दिवस राहणार? आणि जे सांगण्याची सवय जाते, ते करण्याची सवय जाण्यास किती विलंब लागतो?

म्हणूनच कलावंतांसही आमचे दोन शब्द आहेत. पूर्वी जी वार्ता दिवाणखान्यातून फिरे, ती आता हातातील फोनवरून फिरते; आणि नवे संगीत करणारी तरुण मंडळी आपले प्रवास, आपली दुखणी आणि आपले वाढदिवस त्यावरून जगास कळवीत असतात. टाळी तेथे लवकर पडते, हे आम्ही जाणतो. परंतु रसिकांस जी चटक तुम्हीच लावाल, तीच ते पुढे मागतील. तापाची बातमी द्याल तर औषधे सुचवितील. फसलेल्या बंदिशीची द्याल तर, शंभरांत एखादा का होईना, स्वर सुचवील. त्या एकासाठी लिहावे.

नवे गाणे विरोधाने मरत नाही. विरोधाने ते कित्येकदा तगते, कुमारांचे तगले. ते मरते प्रेमळ माणसांच्या न विचारलेल्या प्रश्नाने. तो विचारण्यास संगीताचे शास्त्र यावे लागत नाही. येत्या अखाजीला असा कोणी मुलगा अथवा मुलगी घरी आली, तर प्रकृती जरूर विचारावी, जेवूखाऊ घालावे; आणि मग म्हणावे, 'ती वही काढ बरे. काय नवे बांधलेस, ते ऐकव.' ऐकून कळले नाही, तर कळले नाही असे सांगावे आणि पुन्हा ऐकवावयास लावावे.